लाईट आल्यानंतरची तीन मिनिटं

दूध केंद्रातल्या कूलरच्या पॅनेलचं झाकण उघडलं आणि पहिल्यांदा नजर गेली ती लाल वायरच्या तुकड्यावर. जेमतेम वीतभर, अडीच एमएमची, दोन्ही टोकं दातांनी सोलल्यासारखी ओबडधोबड, रिलेच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या खटक्याच्या, दोन टर्मिनलांमध्ये स्क्रूखाली दाबून बसवलेली. आतलं सर्किट जागच्या जागी शाबूत होतं. कमी व्होल्टेजवर तोडणारं, जास्त व्होल्टेजवर तोडणारं, लाईट परत आली की तीन मिनिटं थांबून मगच कॉम्प्रेसरला सोडणारं. त्याचा हिरवा दिवाही लागत होता. फक्त त्याला कुणी विचारत नव्हतं. वीज त्या वीतभर तुकड्यावरून परस्पर पुढे जात होती. केंद्र चालवणारे नाना शेजारी उभे होते, गळ्यातल्या टॉवेलने मान पुसत. म्हणाले, "वायरमननं टाकून दिली ताई. काय करायचं? लाईट येती अन् हा गडी उठतच नाही. दूध थांबतंय का त्याच्यासाठी?"

ती वायर काढायलाच हवी होती. आणि नानांचं म्हणणंही खरं होतं. या दोन गोष्टी एकाच वेळी मान्य करून घरी परतणं काही सोपं गेलं नाही.

संगमनेरहून अकोले गावाच्या बाजूला जाताना अशी दूध संकलन केंद्रं गावोगाव दिसतात. पत्र्याची शेड, दारात काटा, आत फॅट मशिन, आणि मागच्या खोलीत स्टीलचा बल्क कूलर. संध्याकाळी सहानंतर मोटारसायकली येऊ लागतात, दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेल्या. कुणी सायकलच्या हँडलला किटली अडकवून, कुणी चालतच. धारेच्या दुधाला एक कोमट, गोडसर वास असतो. त्यात ओल्या फरशीवरच्या धुण्याच्या सोड्याचा वास मिसळला की ते केंद्र झालं. गायीच्या अंगातून निघालेलं दूध पस्तिसेक अंशांचं असतं आणि त्याला ४ अंशांवर न्यायचं असतं, तेही ताटकळत न ठेवता. रात्री टँकर येतो. टँकरवाला झाकण उघडून वास घेतो, छोट्या नळीत दूध आणि अल्कोहोल सारखं मिसळून हलवतो. काचेला कण चिकटलेले दिसले की तो मान हलवतो, आणि अख्ख्या गावाचं दूध तिथंच राहतं. नानांना कॉम्प्रेसरची काळजी नव्हती असं नाही. पण जळलेला कॉम्प्रेसर ही पुढे कधीतरी घडणारी गोष्ट होती, आणि नळीतले कण आज रात्रीची.

तीन मिनिटं थांबायचं कशाला, हे मला नानांना सांगावं लागलं नाही. पूर्वी एकदा कॉम्प्रेसर जळून त्याचं बिल त्यांनी भरलेलं होतं. चालता कॉम्प्रेसर एकदम बंद पडला की त्याच्या एका बाजूला दाब तुंबलेला राहतो. तो उतरायच्या आत मोटार पुन्हा सुरू करायला गेलं तर ती घरघरते, फिरत नाही, आणि न फिरणारी मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. वाइंडिंग तापतं, वार्निश करपतं. तो वास एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखता येतो. त्यातून लाईट आल्यानंतरचा पहिला मिनिट दीड मिनिट लाईनवर भरवसा नसतो. व्होल्टेज उसळतं, पडतं, कधी जाऊन परत येतं. म्हणून थांबायचं. घरच्या फ्रिजच्या स्टॅबिलायझरमध्येही हाच विचार असतो. लाईट आल्यावर फ्रिज लगेच का लागला नाही म्हणून आपण बटणं दाबत बसतो, ती हीच तीन मिनिटं.

पण नानांच्या पॅनेलला तीन मिनिटं लागत नव्हती. कधी दहा लागायची, कधी पाऊण तास. सकाळच्या दुधाला बहुतेक वेळा ठीक. संध्याकाळच्या दुधाला हमखास उशीर.

बोर्ड काढून दुकानात आणला. नानांना दुसरा एक साधा टायमर तात्पुरता लावून दिला आणि लाल तुकडा खिशात टाकला. दुकानात व्हेरिअॅक आहे, व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणारा. तो फिरवून व्होल्टेज १८० च्या खाली नेलं की रिले टक् करून सुटला. २६० च्या वर नेलं, टक्. परत २३० वर आणून घड्याळ लावलं, तर तीन मिनिटं आणि वर थोडीशी. पुन्हा केलं, तेच. आमच्या धंद्यात असा बोर्ड म्हणजे डोकेदुखी. बिघडलेला दिसला तर दुरुस्त करता येतो. गिऱ्हाइकाकडे बिघडणारा आणि दुकानात शहाण्यासारखा वागणारा बोर्ड हातात धरून माणूस बसून राहतो.

बसल्या बसल्या एक गोष्ट जाणवली, आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. संरक्षण देणारं सर्किट आपण तपासतो ते तुटण्यासाठी. गिऱ्हाइकासमोर व्हेरिअॅक फिरवायचा, टक् वाजवायचं, "बघा, कसं कापलं!" तोही खूश. तुटणं क्षणात होतं, त्याला आवाज असतो, त्यात एक नाट्य असतं. परत जुळण्याला मात्र वेळ लागतो, आणि तेवढा वेळ कुणी बोर्डासमोर बसत नाही. चहा सांगितलेला असतो, फोन आलेला असतो. मग एकदा, गार बोर्डावर, सकाळच्या वेळी ते बघितलं जातं आणि पास म्हणून शिक्का बसतो. जिथून हे बोर्ड येतात तिथे याहून वेगळं काही होत असेल असं मला वाटत नाही. तीन मिनिटं एका बोर्डाला म्हणजे दिवसाला किती बोर्ड, हा हिशोब कुणीही करेल.

काकांना हे बघवलं नसतं. काका म्हणजे माझे चुलते. त्यांचं आधी रेडिओचं आणि मग मोटार स्टार्टरचं दुकान होतं. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर विहिरींवर जायची. स्टार्टरच्या पेटीवर लाल बटण असतं. ओव्हरलोड रिले ट्रिप झाला की ते दाबायचं, पण लगेच नाही. आत दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. करंट वाढला की तापते, दोन धातू वेगवेगळे प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि खटका सोडते. जोवर ती गार होऊन सरळ होत नाही तोवर कितीही बटण दाबा, ते धरत नाही. शेतकरी अंगठा पांढरा होईपर्यंत दाबून धरायचे. काका पिंपळाखाली तंबाखू मळत म्हणायचे, "गार होऊ दे की गड्या. ती पट्टी तुझ्या मोटारीसाठीच तापलीय." पट्टी लवकर गार होते आणि मोटार त्याहून फार उशिरा, हे ते सांगायचे नाहीत, पण रिले धरला तरी पाणी सोडायच्या आधी मोटारीच्या अंगावर हात ठेवून बघायचे. मला तो हात आठवतो. तळवा नाही, बोटांची उलटी बाजू. तापलेल्या किंवा करंट उतरलेल्या वस्तूला हात लावायचा तर असाच, म्हणजे झटका बसून मूठ आवळली तरी ती वस्तूवर आवळली जात नाही.

म्हणजे उशिरा परत येणं हा काही वेळा दोष नसतोच. तापलेली वस्तू गार व्हायला वेळ घेते, इतकंच. आता मोबाइलच्या चार्जरपासून गाडीच्या वायरिंगपर्यंत छोटे पिवळे-नारिंगी पॉलिफ्यूज असतात. ते ट्रिप होतात म्हणजे आतलं प्लॅस्टिक तापून फुगतं आणि कार्बनच्या कणांची साखळी तुटते. गार झाले की जुळतात. पण ट्रिप होऊन तास उलटला तरी त्यांचा रोध अगदी मूळच्या जागी येत नाही, थोडा चढाच राहतो. ते बनवणारे आपल्या माहितीपत्रकात हे छापतात, लपवत नाहीत. उशीर कुठला रास्त आणि कुठला बिघाड, हे मात्र कुठल्या माहितीपत्रकात मिळत नाही. नानांच्या बोर्डाबाबत मला तेवढंच शोधायचं होतं.

पहिला संशय लाईनवर गेला. हे सर्किट असं वागतं की व्होल्टेज क्षणभरही हद्दीबाहेर गेलं की मोजलेला वेळ पुसला जातो आणि शून्यापासून मोजणी सुरू होते. संध्याकाळी लाईट आली की शिवारातल्या मोटारी एकामागून एक लागतात, दर वेळी व्होल्टेज एक डुबकी मारतं. काट्याच्या व्होल्टमीटरला ती दिसत नाही, काटा तितका चपळ नसतो. म्हणून व्होल्टेज हद्दीत आहे का ते बघणाऱ्या कंपॅरेटरच्या आउटपुटला एक एलईडी जोडला आणि तो बोर्ड घेऊन संध्याकाळी केंद्रात जाऊन बसले. पलीकडे फॅट मशिन चालू होतं, नाना पावत्या फाडत होते, मी पॅनेलसमोर खुर्ची टाकून एका लाल ठिपक्याकडे बघत होते. दोन-चार म्हाताऱ्यांना हे काम फारच आरामाचं वाटलं असावं. एलईडी लुकलुकला, नाही असं नाही. लाईट आल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत डुबक्या होत्याच. पण मग लाईन स्थिर झाली, एलईडी गप्प झाला, आणि तरीही रिले लागेना. थोडा उशीर डुबक्यांचा होता. मोठा उशीर दुसऱ्याच कुणाचा होता.

दुसरा संशय घाणीवर. या सर्किटमध्ये वेळ मोजणाऱ्या जागेवर करंट इतका बारीक असतो की बोर्डावरची ओल आणि सोड्याची वाफ मिळून जे पापुद्र्यासारखं साचतं, तेही वाट देऊ शकतं. आयसोप्रोपिलने घासून बोर्ड लखलखीत केला, वाळवला. फरक शून्य. मनात म्हटलं, बरं झालं. घाणीचा दोष निघाला असता तर दर पावसाळ्यात तो परत आला असता.

मग पुन्हा केंद्रात बसले असताना गालाला गरम झळ लागली तेव्हा वर बघितलं. कॉम्प्रेसरचा कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी जाळी, आणि हे पॅनेल एकाच भिंतीला, हातभर अंतरावर. पंखा कंडेन्सरमधून जी गरम हवा फेकतो ती सरळ पॅनेलवर. त्यात पत्र्याची शेड, एप्रिल महिना, दिवसभर तापलेली भिंत. नानांकडचा दुधाचा थर्मामीटर घेऊन पॅनेलमध्ये सोडला, तर पारा पंचावन्नच्या आसपास गेला. दुकानातलं माझं टेबल खिडकीपाशी आहे. तिथे सकाळी पंचवीस-सव्वीस.

पुढचं काम घरगुती होतं. पुठ्ठ्याच्या खोक्यात बोर्ड, वर साठ वॉटचा जुना बल्ब, आणि घड्याळ. बोर्ड तापत गेला आणि तीन मिनिटांची साडेतीन झाली, मग पाच, मग सात. बल्ब आणखी खाली आणला, तर रिले लागेचना.

तिथे बसवलेली रचना जुनी आणि सगळ्यांच्या ओळखीची आहे. ८२० किलोओहमच्या रेझिस्टरमधून २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हळूहळू भरायचा, त्यावरचं व्होल्टेज १२ पैकी ७.६ व्होल्टला पोहोचलं की रिले लागायचा. दोन आकड्यांचा गुणाकार केला की १८० सेकंद येतात. कागदावर चोख. पण रेझिस्टर एवढा मोठा म्हटल्यावर करंट किती येतो ते बघा. सुरुवातीला जेमतेम १५ मायक्रोअँपियर, आणि ७.६ व्होल्टच्या जवळ पोहोचताना फक्त ५ मायक्रोअँपियरच्या आसपास. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर काही पूर्ण बंद भांडं नसतं. त्याच्या आतला ऑक्साइडचा थर थोडा झिरपतो, आणि २५ व्होल्टच्या या कपॅसिटरला नेहमीच्या नियमाप्रमाणे ५५ मायक्रोअँपियरपर्यंत गळतीची मुभा असते. म्हणजे येणाऱ्या धारेच्या दहापट गळूनही तो माल चांगलाच म्हणायचा! नवा, गार कपॅसिटर या मुभेपेक्षा कितीतरी कमी गळतो म्हणून सर्किट चालतं. उन्हाने आणि वयाने गळती वाढते. तडा गेलेल्या रांजणात बारीक धार सोडावी तसं. पाणी वर चढतं, पण जितकं चढतं तितकी तड्यातून गळती जोर धरते, आणि एका उंचीला धार आणि गळती सारखी होते. ती उंची ७.६ च्या किंचित वर असली तर रिले लागतो, पण शेवटचा टप्पा कासवाच्या गतीने. किंचित खाली असली तर लागतच नाही. मी हिशोब करून बघितला. गळतीचा रोध दीड मेगओहम धरला तर व्होल्टेज फार तर ७.७६ पर्यंत जातं, आणि ७.६ ला पोहोचायलाच साडेसात मिनिटं लागतात. रोध आणखी जरासा उतरला की मग वाटच बघायची.

हे मोजणंही जपूनच करावं लागतं. काकांचा काट्याचा मीटर अजून माझ्याकडे आहे, व्होल्टला २० किलोओहमवाला. १० व्होल्टच्या रेंजवर तो त्या कपॅसिटरला लावला की मीटर स्वतःच इतकं पिऊन टाकतो की व्होल्टेज अडीचच्याही वर जात नाही आणि रिले कधीच लागत नाही. डिजिटल मीटरचा रोध १० मेगओहम, तोही थोडा वाटा घेतो, पण तो वजा धरता येतो. ७.२, ७.२५, ७.२८, ७.२९ आणि मग आकडे थांबले. बल्ब बंद केला. काही वेळ काहीच नाही. मग ७.३२. ७.४. ७.५. आणि टक्.

तेव्हा पाऊण तासाचा उलगडा झाला. संध्याकाळी दूध येतं, कूलर पूर्ण जोरात चालतो, पॅनेल तापतं, आणि त्याच सुमाराला लाईट जाते. परत येते तेव्हा कॉम्प्रेसर बंद, पंखा बंद, गरम हवा बंद. कपॅसिटर तापलेला असतो तोवर गळत राहतो. पॅनेल गार व्हायला लागलं की गळती कमी होते आणि कधीतरी तो उंबरठा ओलांडतो. म्हणजे एका झिजलेल्या कपॅसिटरने, कुणी सांगितलेलं नसताना, काकांच्या लाल बटणाखालच्या पट्टीचं काम पत्करलं होतं. जास्त तापलं तर जास्त थांबा. मला क्षणभर त्याचं कौतुकच वाटलं. पण पट्टी तापते ती मोटारीच्या करंटने, आणि हा तापत होता शेजारच्या पंख्याने. कॉम्प्रेसरला त्या पाऊण तासाची काही गरज नव्हती, आणि दुधाचा त्यात घात होता.

असा कपॅसिटर बसवणाऱ्याचा मला राग येत नाही, किंवा फार येत नाही. पुण्यात तपकीर गल्लीत उभं राहून मीही ८५ अंशांपर्यंत चालणारे कपॅसिटर घेतलेले आहेत, शेजारीच १०५ अंशांचे ठेवलेले असताना, कारण दुकानदाराने शंभराच्या पुडीचा भाव सांगितला होता. दर दहा अंशांना कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं, हा हिशोब सगळ्यांना पाठ असतो. पण आपण काम करतो ते पंख्याखाली, आणि माल जाऊन बसतो पत्र्याखाली. जो बोर्ड काढतो त्याने एकदा तरी मे महिन्यात शेडमध्ये बसून बघावं, असं माझं मत आहे. ते कुणी मागितलेलं नाही.

नवा १०५ चा कपॅसिटर टाकून देता आला असता. दोन वर्षं निघाली असती. पण एवढ्या बारीक धारेवर वेळ मोजायचीच कशाला? सीडी४०६० नावाची एक जुनी, स्वस्त आयसी आहे. तिच्यात एक छोटा ऑसिलेटर आणि चौदा टप्प्यांचा मोजणारा. १०० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा साधा पॉलिएस्टर कपॅसिटर लावला की सेकंदाला त्रेचाळीस-चव्वेचाळीस ठोके पडतात, ८१९२ ठोके झाले की शेवटचा पाय वर जातो. साधारण १८८ सेकंद. पॉलिएस्टरची गळती नगण्य, आणि वेळ भरण्याच्या उंचीवर न ठरता ठोक्यांच्या मोजणीवर ठरते, त्यामुळे उन्हाळ्यात आणि थंडीत फरक पडला तरी तो सेकंदांचा. क्षणभराच्या डुबकीने मोजणी पुसली जाऊ नये म्हणून अर्ध्या सेकंदाची एक गाळणीही टाकली. पॅनेल कंडेन्सरच्या समोरून काढून दाराच्या बाजूला नेलं, हे खरं तर सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्वस्तात होणारं काम. आणि त्याच आयसीच्या मधल्या एका पायाला हिरवा एलईडी जोडला. मोजणी चालू असेपर्यंत दीड-एक सेकंदाला एकदा तो लुकलुकतो, रिले लागला की थांबतो.

त्या एलईडीमुळे जे झालं ते मी योजलेलं नव्हतं. तीन मिनिटं तर होतीच, उलट आठ सेकंद जास्त. पण नाना आता पॅनेलसमोर उभे राहत नाहीत. लाईट आली की एकदा मान वळवून बघतात, लुकलुकतंय म्हणजे काम चाललंय, आणि परत फॅट मशिनकडे वळतात. गावातली पोरंही ओळखतात, "मोजतंय, मोजतंय." आधीच्या बोर्डावर एक स्थिर दिवा होता, तो लाईट आहे एवढंच सांगायचा. माणूस त्याच्याकडे बघून उभा राहायचा, आणि हा जिवंत आहे की मेला हे त्याला कळायचं नाही. मग हात लाल वायरकडे जाणारच. एवढं होऊनही, मी निघाले तेव्हा तो तुकडा नानांनी माझ्याकडून मागून घेतला. म्हणाले, असू द्या, अडीनडीला.

याच्याही पुढची गोष्ट परत येण्याचीच आहे, फक्त मोठी. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबईची वीज गेली तेव्हा मी फोनवर एका गिऱ्हाइकाशी बोलत होते, ठाण्याच्या. बोलता बोलता तो म्हणाला, "गेली वाटतं," आणि आम्ही दोघांनीही फार मनावर घेतलं नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या, हे नंतर कळलं. लोक विचारत होते, कळ दाबायला इतका वेळ का? पण बंद पडलेलं जाळं एका कळीने उठत नाही. एकेक वाहिनी, एकेक भाग जोडत जावं लागतं, वीज आणि मागणी यांचा तोल सांभाळत, विजेची ५० हर्ट्झची वारंवारता ढळू न देता. आणि बराच वेळ अंधारात राहिलेला भाग परत जोडला की तो आधीपेक्षा जास्त ओढतो. एरवी फ्रिज, एसी, पंप आपापल्या वेळी चालू-बंद होतात. तास-दोन तास बंद राहिले की सगळ्यांना एकदमच चालायचं असतं. जाळं कोसळणं देशाने जुलै २०१२ मध्येही बघितलं होतं. ३० तारखेला उत्तरेचं जाळं कोसळलं, ते उभं केलं, आणि ३१ ला त्याहून मोठं कोसळलं.

गावात हेच रोज संध्याकाळी होतं, फक्त बातमी होत नाही. शेतीची लाईट आली की मोटारी आपोआप सुरू व्हाव्यात म्हणून स्टार्टरला ऑटोस्विच लावलेले असतात. रात्री-अपरात्री विहिरीवर जायचं, साप-विंचू, बिबट्या, कुणाला हौस आहे? त्यामुळे ऑटोस्विच वाईट असं म्हणायची माझी छाती नाही. पण लाईट येताच एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, प्रत्येक जण पाच-सहा पट ओढतो, व्होल्टेज जमिनीला टेकतं, आणि डीपी जळते. मग ती बदलून येईपर्यंत सगळ्यांचंच पाणी बंद. ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असं आवाहन महावितरण वर्षानुवर्षं करतंय. नानांच्याही मोटारीला ऑटोस्विच आहे. कूलरचा बोर्ड नीट चालायला लागला तसा मी विषय काढला. म्हटलं, तसाच टायमर मोटारीला लावू, लुकलुकणारा. लाईट आली की थोडं थांबेल, लाईन सावरली की लागेल.

नाना हसले. "म्हणजे मी थांबायचं, अन् शेजारचा आधी लावणार. त्याची लागली की माझ्या वाट्याला व्होल्टेज राहतंय कुठं?"

याला उत्तर नव्हतं असं नाही. मी पावतीच्या पाठीवर आकडे मांडून दाखवले. एकच सर्किट, फक्त रेझिस्टर वेगवेगळा. ६८ किलोओहमवाला १२८ सेकंदांनी लागेल, १०० वाला १८८ नी, १५० वाला २८३ नी. डीपीवर जितक्या मोटारी तितके वेगवेगळे आकडे. कुणीच एकदम उठणार नाही, सगळ्यांना व्होल्टेज मिळेल, पाच मिनिटांत सगळं शिवार चालू. खर्च माणशी एका डब्याच्या ढेपेइतकाही नाही. नानांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, कागद दिव्याखाली धरला, रांगेवरून बोट फिरवलं. बाजूला कॅन रिकामा करणारा एक जण वाकून बघू लागला, त्याचीही मोटार त्याच डीपीवर. बराच वेळ दोघं कागदाकडे बघत राहिले. मग नानांनी पहिल्या आकड्यावर बोट टेकवलं.

"चांगलंय. मला हा ६८ वाला द्या," ते म्हणाले. "अन् ह्याला तो १५० चा बसवा."

कॅनवाल्याने कागद त्यांच्या हातातून काढून घेतला.